हैदराबादहून निघालेली तार

परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की रुग्णालय आले आणि ग्रंथालयही आलेच. अशा ग्रंथालयाचे खरे काम कपाटे भरण्याचे नसते. जगभर जे नवे संशोधन प्रसिद्ध होते त्यातून आपल्या डॉक्टरांच्या कामाचे काय आहे ते निवडायचे आणि वेळेवर त्यांच्या हाती द्यायचे, हे ते काम. अमुक औषधाची मात्रा बदलली, तमुक उपचार आता करू नये असे ठरले, अशा मार्गदर्शक सूचना सतत येत असतात. काल बरोबर असलेले आज चूक कसे ठरते, असा प्रश्न मग सामान्य माणसाला पडतो. आठवीनववीतले विद्यार्थीही तो विचारतात. ‘विज्ञान सारखे आपले म्हणणे बदलते, मग त्यावर विश्वास का ठेवायचा?’

या प्रश्नाचे उत्तर व्याख्या सांगून देता येत नाही. त्यासाठी एखादी सूचना कशी जन्माला आली, कशी पसरली आणि कशी मागे घ्यावी लागली हे मुळापासून पाहावे लागते. असे एक उदाहरण आपल्याच मुलखात घडले आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. आमची हकीकत त्या निजामी राज्याच्या राजधानीत, १८८८-८९ साली घडली.

गोड वासाचे औषध

४ नोव्हेंबर १८४७ रोजी एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला आणि सगळे जण बेशुद्ध झाले. भूल देण्यासाठी ईथरचा वापर त्याच्या वर्षभर आधी सुरू झाला होता. पण ईथर पेट घेतो, त्याचा वास उग्र असतो आणि तो बराच लागतो. क्लोरोफॉर्म पेट घेत नाही, त्याचा वास गोड असतो, आणि रुमालावर थोडासा टाकला तरी काम भागते. थोड्याच दिवसांत तो सर्वत्र पसरला.

तीन महिनेही झाले नव्हते तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी भूल देताना मरण पावली. शस्त्रक्रिया होती फक्त पायाच्या बोटाचे नख काढण्याची. क्लोरोफॉर्म हुंगायला दिल्यापासून दोनतीन मिनिटांतच सारे आटोपले. पुढे असे मृत्यू होतच राहिले. त्या काळचे अंदाज साधारणपणे अडीच ते तीन हजार रोग्यांमागे एक मृत्यू असे होते. बहुतेक वेळा रोगी धडधाकट, शस्त्रक्रिया किरकोळ आणि मृत्यू भूल चढण्याच्या सुरुवातीलाच, असा प्रकार असे.

हे मृत्यू कशाने होतात? यावर दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो यांचे मत असे, की हवेत क्लोरोफॉर्मच्या वाफेचे प्रमाण फार वाढले तर हृदय एकाएकी बंद पडते. म्हणून प्रमाण मोजून, शेकडा चारपाचाच्या आसपास ठेवून भूल द्यावी. कॉलऱ्याचा प्रसार पाण्यातून होतो हे दाखवणारे स्नो ते हेच. त्यांच्या म्हणण्यात भौतिकशास्त्र होते. २० अंश सेल्सिअसला क्लोरोफॉर्मची वाफ हवेत घनफळाच्या सुमारे एकपंचमांश इतकी मावते, ३० अंशांना जवळजवळ एकतृतीयांश. रुमालावर ओतलेल्या क्लोरोफॉर्मची किती वाफ रोग्याच्या नाकात जाते ते रुमाल सांगत नाही. स्नो यांनी त्यासाठी उपकरण तयार केले होते.

एडिंबरोचे शल्यविशारद जेम्स साइम यांचे मत वेगळे होते. ते म्हणत, नाडी पाहू नका, श्वास पाहा. श्वास नीट चालला आहे तोवर धोका नाही. श्वासात बिघाड दिसला की क्लोरोफॉर्म काढून घ्या. उपकरणाची गरज नाही, रुमाल पुरे. साइम यांचे शिष्य जगभर गेले. त्यांतले एक एडवर्ड लॉरी. हे १८८५ साली हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि १८४६ साली स्थापन झालेल्या तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख झाले. गुरूंची पद्धत त्यांनी अफझलगंज रुग्णालयात कसोशीने राबवली. हजारो रोग्यांना भूल दिली, आणि क्लोरोफॉर्मने आपला रोगी दगावला नाही असे ते ठामपणे सांगत.

निजामाचे हजार पौंड

लॉरी केवळ अनुभवावर थांबले नाहीत. १८८८ साली त्यांनी निजाम सरकारच्या मदतीने एक आयोग नेमला आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्म जास्त झाला की आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर थांबते, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. ग्लासगोच्या संशोधकांनी १८८० साली नेमके उलट सांगितले होते. क्लोरोफॉर्म हृदयाला दुर्बळ करतो असे त्यांना आढळले होते.

तेव्हा निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने लॅन्सेटला एक हजार पौंड देऊ केले. तुमचा तज्ज्ञ पाठवा, त्याने आमच्यासमोर प्रयोग पुन्हा करून पाहावेत. लॅन्सेटने सर टॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवले. हृदयशूळावर अमिल नायट्राइट वापरण्याची पद्धत १८६७ साली त्यांनीच सुरू केली होती. क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडते या मताकडे त्यांचा कल होता. विरोधी मताच्या माणसाला आपल्या खर्चाने बोलावून प्रयोग दाखवायचे, ही गोष्ट त्या काळीच काय, आजही सर्रास घडत नाही.

१८८९ च्या ऑक्टोबरात ब्रंटन हैदराबादला पोहोचले. दुसऱ्या आयोगात लॉरी, ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम होते. वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांचाही या कामात सहभाग होता. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचे आलेख काढले, त्यांची छायाचित्रे घेतली. डिसेंबरात ब्रंटन यांनी लंडनला तार केली. ४९० प्राणी वापरले, त्यांपैकी १२० रक्तदाबमापकासह. धोका आहे तो श्वास कोंडण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा, हृदयावर थेट परिणामाचा मुळीच नाही, असा तिचा आशय होता. ब्रंटन यांचे मत पालटले होते. १८९० साली लॅन्सेटमध्ये सविस्तर अहवाल आला.

ही तार म्हणजे आजच्या भाषेत वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाच होती. नाडीकडे लक्ष देऊ नका, श्वासाकडे द्या. लॅन्सेट जिथे जिथे जात असे तिथे तिथे ती गेली. हैदराबादच्या वैद्यकशाळेतून बाहेर पडणारे डॉक्टर निजामी राज्यातील दवाखान्यांत काम करत; त्यांना तर ती गुरुमुखातूनच मिळत होती. मराठवाड्यासारख्या दूरच्या भागातल्या डॉक्टरला दुसरे मत वाचायला कोठून मिळणार? मनमाडकडून हैदराबादकडे जाणारा परभणीवरचा लोहमार्गसुद्धा १९०० च्या आसपासचा.

प्रश्न एक, प्रयोग दुसराच

आता आपण शिक्षक म्हणून या प्रयोगाकडे पाहू. प्राण्यांची संख्या मोठी होती, नोंदी काळजीपूर्वक होत्या, विरोधी पक्षाचा तज्ज्ञ हजर होता, निकाल खुलेपणाने छापले होते. मग चुकले कोठे?

पहिली गोष्ट प्रश्नाची. आयोगाने विचारले, ‘क्लोरोफॉर्म फार झाला तर आधी काय थांबते, श्वास की हृदय?’ त्याचे उत्तर त्यांना बरोबर मिळाले. पण हॅना ग्रीनर आणि तिच्यासारखे रोगी फार क्लोरोफॉर्मने मेलेच नव्हते. ते भूल नीट चढण्यापूर्वी, अर्धवट शुद्धीत मेले होते. डोक्यात प्रश्न होता एक आणि प्रयोग झाला दुसऱ्याच प्रश्नावर.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ही वर्गात गणिताच्या तासालाही घेता येईल. समजा एखादी दुर्घटना ३००० वेळांत एकदा घडते. ४९० प्रयोगांत ती एकदाही न दिसण्याची शक्यता किती? एका प्रयोगात न दिसण्याची शक्यता २९९९/३०००. हिचा ४९० वा घात काढला तर उत्तर सुमारे ०.८५ येते. म्हणजे शंभरांतून पंच्याऐंशी वेळा आपल्याला काहीच दिसणार नाही आणि आपण ‘धोका मुळीच नाही’ असे म्हणून मोकळे होऊ. हेच गणित अनुभवी डॉक्टरालाही लागू पडते. ३००० रोग्यांना भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातून एकही मृत्यू न होण्याची शक्यता ०.३७ आहे. असे तीन डॉक्टर घेतले तर त्यांतला साधारण एक जण आयुष्यभर छातीठोकपणे सांगेल, की माझा रोगी कधी दगावला नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याचा अनुभव खरा असतो, पण त्यावरून काढलेला नियम खरा असतोच असे नाही.

तिसरी गोष्ट आलेखांची. क्लोरोफॉर्म दिल्यावर रक्तदाब उतरतो हे आयोगाच्या आलेखांत स्पष्ट दिसत होते. आयोगाने ते धोक्याचे मानले नाही. केंब्रिजचे गॅस्केल आणि शोअर यांनी १८९३ साली या निष्कर्षावर टीका केली. एका प्राण्याचे रक्त दुसऱ्याच्या मेंदूला पुरवण्याची अवघड रचना करून त्यांनी मेंदू आणि हृदय यांवरचे परिणाम वेगळे केले, आणि क्लोरोफॉर्म थेट हृदयालाच दुर्बळ करतो असे दाखवले. म्हणजे नोंद तीच, पण तिचा अर्थ बदलला.

खरे कोडे सुटायला १९११ साल उजाडले. लंडनचे गुडमन लेव्ही आणि टॉमस लुईस यांनी मांजरांवर प्रयोग केले. भूल पूर्ण चढवली असता मांजर तगून राहत असे. पण भूल हलकी ठेवून ॲड्रेनलिन टोचले की हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागत. रक्त पुढे ढकलले जात नसे आणि प्राणी क्षणार्धात मरत असे. ॲड्रेनलिन हे भीतीच्या, धडपडीच्या वेळी आपले शरीरच रक्तात सोडते. घाबरलेली मुलगी, अर्धवट भूल, रुमाल झटकण्याची धडपड. हॅना ग्रीनरसारख्या मृत्यूंचा उलगडा असा झाला. हैदराबादच्या आयोगाला हे कळणे शक्यही नव्हते. ॲड्रेनलिन शुद्ध रूपात १९०१ साली मिळाले आणि हृदयाचे विद्युत्-आलेख काढणारी उपयुक्त यंत्रे त्याच सुमारास आली.

तेव्हा लॉरी यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. ‘श्वास पाहा’ ही त्यांची शिकवण आजही खरी आहे आणि तिने पुष्कळ रोगी वाचवले असतील. चूक ‘पाहा’ या अर्ध्या भागात नव्हती, ‘नाडी पाहू नका’ या अर्ध्या भागात होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्लोरोफॉर्म मागे पडत गेला; १९५६ साली हॅलोथेन हे नवे औषध आल्यावर त्याची गरजच उरली नाही. दरम्यानच्या दोन दशकांत आणि त्यानंतरही एका ठाम वाक्याची किंमत अनेक रोग्यांनी मोजली.

तेच लॅन्सेट, दुसरा गाव

आता शंभर वर्षे पुढे येऊ. परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेले धडधाकट शेतकरी आणि मुले तेथे येत. काही तासांत त्यांना दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, फुफ्फुसांत पाणी होई आणि त्यांतले अनेक जण दगावत. वेदनाशामके, ॲट्रोपिन, स्टेरॉइड असे निरनिराळे उपाय तेव्हा केले जात. त्यांतल्या कशाचाच भरवसा नव्हता.

बावस्करांनी रोग्याजवळ बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडी राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. १९११ च्या कोड्यातले रसायन इथे पुन्हा भेटते ते असे. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी त्यांनी दिली. १९८६ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा लेख आला. प्राझोसिनचा वापर जसजसा रुजला तसतसे या दंशाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले.

आमच्या दृष्टीने या हकीकतीचा सर्वांत शिकण्यासारखा भाग पुढचा आहे. एवढे यश आल्यावर ‘माझा रोगी आता दगावत नाही’ असे म्हणून थांबता आले असते. पण डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोगी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिले. दहा तासांनंतर पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले ३२. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. स्वतःच रुजवलेल्या उपचारात स्वतःच्याच प्रयोगाने सुधारणा झाली.

हैदराबादच्या आयोगापाशी पैसा, यंत्रे, मोठी नावे सारे होते. महाडच्या दवाखान्यात त्यांतले फारसे काही नव्हते. पण इथे प्रश्न नेमका रोग्याचाच होता, नोंदी रोग्याच्याच होत्या आणि तुलना समोरासमोर होती.

वर्गात काय करता येईल

आरोग्याची कोणतीही बातमी किंवा सूचना हाती आली की विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. ही सूचना कोणत्या सालची आहे? ती कोणावर पाहून काढली, प्राण्यांवर की माणसांवर, आणि किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि जो प्रश्न तपासला तो आपलाच आहे का? रुग्णालयाचा चांगला ग्रंथपाल नव्या सूचनांची निवड करताना साधारणपणे हेच पाहतो. अशा रीतीने उपचारांचे पुरावे गोळा करून तपासणारी कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ साली सुरू झाली. हैदराबादच्या तारेनंतर शंभरहून अधिक वर्षांनी!

या साखळीचा शेवटचा दुवा मात्र ग्रंथपालही नाही आणि डॉक्टरही नाही. मराठवाड्यातल्या खेड्यात साप चावला तर पुष्कळदा पहिला सल्ला मास्तरांकडे मागितला जातो. जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत दंशावर चीर द्या, रक्त चोखा, वर घट्ट आवळून बांधा असे सांगितलेले असे. हे तिन्ही उपाय आता निषिद्ध आहेत. चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हातपाय गमावण्याची वेळ येते. आजची सूचना अशी आहे: रोग्याला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला अवयव लाकडी पट्टीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा, आणि वेळ न दवडता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. पण शाळेच्या भिंतीवरचा प्रथमोपचाराचा तक्ता त्या योजनेने आपोआप बदलत नाही.

म्हणून एक छोटे काम सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेतील प्रथमोपचाराचा तक्ता आणि पेटीतले माहितीपत्रक काढा. त्यांवर साल छापले आहे का ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. मग जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रत्येक ओळ डॉक्टरांकडून तपासून घ्या. जी ओळ बदलली असेल ती खोडा, नवी लिहा आणि शेजारी आजची तारीख टाका. दरवर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होताना आणि साप-विंचू बाहेर पडू लागताना, हे पुन्हा करा.